प्रिसिजन बास: एक पिकअप, दोन नॉब

काल मित्राच्या स्टुडिओत फेंडरचा जुना प्रिसिजन बास वाजवला. खालची तार छेडली आणि खोली भरून गेली!

लिओ फेंडरने तो १९५१ मध्ये आणला. त्याआधी बँडमध्ये माणसाएवढा डबल बास असायचा, त्याला फ्रेट, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, नसत. इथे फ्रेट आले, सूर नेमका लागू लागला.

खरी गंमत १९५७ च्या पिकअपमध्ये, म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या भागात. त्याचे दोन तुकडे, प्रत्येकावर दोन तारा. गुंडाळी अशी, की विजेची घरघर आपसांत कटते. उरतो भरीव, ठाम आवाज, ड्रम-गिटारच्या गर्दीतही स्पष्ट.

मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचे बासवादक जेम्स जेमरसन या बासवर फ्लॅटवाउंड (गुळगुळीत गुंडाळीच्या) तारा लावून उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवत. त्यांची गाणी हेडफोन लावून, नुसत्या बासकडे लक्ष देऊन ऐका.

नॉब दोनच, व्हॉल्यूम आणि टोन. बाकी सगळं बोटांत. म्हणूनच मला तो सर्वांत प्रामाणिक बास वाटतो.

तारा, सेटिंग, काहीही विचारा!