बोदवडची लेक आणि हार्बर लाइनवरचे वाद

१४ जून २००७ ला दिल्लीत संयुक्त पुरोगामी आघाडी आणि डाव्या पक्षांनी राष्ट्रपतिपदासाठी प्रतिभा पाटील यांचं नाव जाहीर केलं. त्या संध्याकाळी नवी मुंबईत अनेकांना या बाई कोण हे टीव्हीनं सांगितलं. जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगरकडून येऊन नेरूळ-कामोठ्यात फ्लॅट घेतलेल्यांना मात्र सांगावं लागलं नाही. १९६२ साली वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी जळगावातून आमदार झालेली, पुढं एदलाबादेतून वर्षानुवर्षं निवडून आलेली ही बाई त्यांच्या वडिलांच्या तोंडून त्यांनी ऐकलेली होती. माहेर बोदवड तालुक्यातलं नाडगाव, सासर अमरावतीचं. आडनावाची गंमत अशी की नवरा देवीसिंह शेखावत, आणि समोरचे उमेदवार भैरोसिंह शेखावत.

आमचं शहर सगळं बाहेरून आलेल्यांचं. गावठाणातला आगरी-कोळी सोडला तर प्रत्येकाचं एक गाव दुसरीकडं असतं, आणि राजकारणावर बोलताना माणूस सेक्टर विसरून तालुक्याचा होतो. एपीएमसी मार्केटातले सातारा-सांगलीचे माथाडी, सिडकोच्या घरांतले कोकणातले चाकरमाने, महापे-तुर्भ्याच्या कंपन्यांतली संगणकवाली पोरं, बँका आणि सरकारी कचेऱ्यांतून निवृत्त झालेले काका. त्या महिन्याभरात यातल्या प्रत्येकाला राष्ट्रपती कोण व्हावं हे पक्कं ठाऊक होतं, आणि मत यातल्या एकालाही नव्हतं. ज्या निवडणुकीत आपल्याला मत नसतं तिच्यावर आपण सगळ्यात मोकळेपणानं भांडतो, असं माझं तेव्हापासूनचं निरीक्षण आहे.

संगणकवाल्या पोरांचा उमेदवार ठरलेला होता : कलामच पुन्हा. तिसऱ्या आघाडीनं कलामांना गळ घातली, विजयाची खात्री असेल तर विचार करू असं ते म्हणाले, आणि खात्री नाही हे दिसताच बाजूला झाले. काँग्रेसच्या मनात आधी शिवराज पाटील होते, त्यांना डाव्यांनी नकार दिला. म्हणजे लातूरचे पाटील गेले आणि जळगावच्या पाटील आल्या. पहिली महिला राष्ट्रपती ही गोष्ट खरीच मोठी होती, पण नाव पुढं आलं ते वाटाघाटीतून, हेही खरं. भक्तांनी पहिलं सांगितलं, विरोधकांनी दुसरं.

खरी धमाल झाली ती जूनच्या शेवटच्या आठवड्यात, शिवसेनेनं युतीधर्म गुंडाळून ठेवून प्रतिभाताईंना पाठिंबा जाहीर केला तेव्हा. भाजपचा पाठिंबा शेखावतांना, सेनेची मतं पाटलांना. सकाळच्या पनवेल-सीएसटी लोकलमध्ये आमच्या डब्यातल्या सैनिकाची एका रात्रीत पंचाईत झाली. आदल्या दिवशीपर्यंत तो बँकेच्या प्रकरणावरून तावातावानं बोलत होता. दुसऱ्या दिवशी मानखुर्द यायच्या आत म्हणाला, ''साहेबांनी सांगितलं ना, मराठी बाई राष्ट्रपती होतेय, आता एक शब्द नाही.'' समोरचे भाजपवाले काका हसले आणि म्हणाले, ''काल तूच मला कात्रणं दाखवलीस की रे.'' जळगावचा आमचा गाववाला खिडकीतून बाहेर बघत पुटपुटला, ''अरे भो, बँक बुडाली ती बुडाली, पण पोरगी आमच्या बोदवडची हाय ना.'' तिघांचीही मतं त्या एका वाक्यापुरती मला नीट कळली. पुढची तीन स्टेशनं नुसता आवाज होता.

बँक म्हणजे जळगावची प्रतिभा महिला सहकारी बँक. प्रतिभाताईंच्या पुढाकारानं उभी राहिलेली, त्यांचंच नाव असलेली, आणि २००३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं परवाना रद्द केलेली. नातेवाइकांना दिलेली कर्जं, व्याजमाफी, ठेवीदारांचे अडकलेले पैसे असे आरोप होते. जोडीला संत मुक्ताबाई साखर कारखान्याचं थकलेलं कर्ज. अरुण शौरींनी यावर लेख लिहिले, भाजपनं ते उचलून धरले. काँग्रेसचं म्हणणं असं की रोजच्या कारभाराशी त्यांचा संबंध नव्हता आणि हे सगळं राजकीय सूडापोटी चाललंय. मग उदयपूरच्या भाषणात पडदापद्धतीचा संबंध मुघल आक्रमणाशी जोडल्यावरून इतिहासकार रागावले. ब्रह्माकुमारींच्या कार्यक्रमातल्या, बाबांनी आपल्याशी संवाद साधला या वाक्याची चित्रफीत वाहिन्यांनी दिवसभर फिरवली. काँग्रेसवालेही गप्प बसले नाहीत, शेखावतांच्या तरुणपणीच्या पोलीस खात्यातल्या नोकरीपर्यंत त्यांनी खणलं.

बँकेचे प्रश्न विचारायलाच हवे होते, असं मला तेव्हा वाटत होतं आणि आजही वाटतं. ठेवीदार बायका मराठीच होत्या. त्यांच्या पैशांबद्दल विचारणं हा महाराष्ट्राचा अपमान कसा होतो, हे मला कुणी पटवून देऊ शकलं नाही. मात्र बाईंच्या डोक्यावरच्या पदरावर, बोलण्यावर, इंग्रजीवर जे विनोद आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आणि पेपरांतही झाले, त्यांचा बँकेशी काडीचा संबंध नव्हता. प्रश्न विचारणारे आणि टिंगल करणारे एकाच बाकावर बसले की प्रश्नाचंही वजन जातं. पाठीराख्यांना तेच हवं असतं. टिंगलीकडं बोट दाखवून ते प्रश्न टाळतात.

दोन्ही बाजू एका गोष्टीवर मात्र बोलल्याच नाहीत. राजस्थानच्या राज्यपाल असताना प्रतिभाताईंनी वसुंधरा राजे सरकारचं धर्मांतरविरोधी विधेयक सही न करता परत पाठवलं होतं. ते चूक की बरोबर यावर वाद घाला, पण राष्ट्रपतिपदाला लागणारा कणा आहे की नाही हे तपासायला त्याहून चांगला दाखला नव्हता. डब्यात त्याचं नाव कुणी काढलं नाही. पदर आणि बोदवड यांच्यातच महिना संपला.

१९ जुलैला मतदान, २१ ला निकाल. पाटील ६,३८,११६ मतमूल्य, शेखावत ३,३१,३०६. हरल्यावर शेखावतांनी त्याच दिवशी उपराष्ट्रपतिपदाचा राजीनामा दिला. २५ जुलैला शपथविधी झाला आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या डब्यात विषय पावसाचा.

मराठी माणूस म्हणून पाठिंबा, हे सूत्र आधी कधी लागलं होतं का, हे पाहिलं की मजा येते. २००२ च्या ऑगस्टमध्ये याच भैरोसिंह शेखावतांविरुद्ध उपराष्ट्रपतिपदाला सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे उभे होते. शेखावत ४५४, शिंदे ३०५. शिवसेना तेव्हा भाजपच्या राष्ट्रीय लोकशाही आघाडीत, म्हणजे रालोआत होती, आणि मराठी उमेदवाराचा मुद्दा कुणी लावून धरल्याचं मला आठवत नाही. १९९७ मध्ये जवळजवळ सगळा देश के. आर. नारायणन यांच्यामागं असताना सेनेनं पाठिंबा दिला तो टी. एन. शेषन यांना. त्यांना मतमूल्य मिळालं ५०,६३१, नारायणन यांना ९,५६,२९०. एकट्या सेनेला दोष देण्यात अर्थ नाही. प्रत्येक पक्षाची अस्मिता दर पाच वर्षांनी गरजेनुसार कपाटातून निघते.

याचा सगळ्यात बोलका पुरावा १९६९ चा आहे, आणि तो आपल्या खाडीपलीकडच्या भागाशी फार जवळचा आहे. चिंतामणराव देशमुख. जन्म १८९६, रायगडाच्या पायथ्याजवळच्या नाते गावी. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री, मेघदूताचा मराठीत पद्यानुवाद करणारे पंडित. १९५२ साली ते लोकसभेवर गेले ते कुलाबा मतदारसंघातून. आज नवी मुंबईला चिकटलेले पनवेल-उरण तेव्हा त्याच कुलाबा जिल्ह्यात. १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून या माणसानं नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. अर्थमंत्रिपद ही काही सहज टाकायची वस्तू नव्हती.

झाकिर हुसेन यांच्या निधनानंतर १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूक लागली. बंगळूरच्या बैठकीत काँग्रेसनं नीलम संजीव रेड्डींचं नाव पक्कं केलं, यशवंतराव चव्हाणांनीही तिथं रेड्डींच्या बाजूनं कौल दिला. इंदिरा गांधींना ते नको होते. त्यांनी सदसद्विवेकबुद्धीनं मत द्या म्हणून सांगितलं आणि व्ही. व्ही. गिरी यांना बळ मिळालं. तिसरे उमेदवार देशमुख, जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या पाठिंब्यावर. मुंबईसाठी खुर्ची सोडणारा माणूस रिंगणात होता आणि महाराष्ट्रातल्या काँग्रेसमध्ये चर्चा रंगली ती रेड्डी की गिरी याची. शिवसेनेचा तेव्हा एकही आमदार नव्हता, त्यामुळं तिला यात धरता येत नाही.

पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. कुणालाच बहुमत नाही म्हणून दुसऱ्या पसंतीची मतं मोजावी लागली. राष्ट्रपती निवडणुकीत निकाल दुसऱ्या पसंतीवर गेला तो आजवर त्या एकाच वेळी. देशमुखांच्या मतपत्रिकांवरची बरीचशी पसंती रेड्डींकडं गेली, तरी गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे थोडक्यात निवडून आले. प्रचार किती खाली गेला होता म्हणाल, तर रेड्डींच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणारं एक निनावी पत्रक संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये वाटलं गेलं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि पदावर असलेले राष्ट्रपती गिरी स्वतः साक्ष द्यायला न्यायालयात गेले. न्यायालयानं याचिका फेटाळली. पूर्वी राजकारणात फार सभ्यता होती असं ज्येष्ठ मंडळी सांगतात, ती हे पत्रक विसरलेली असतात. पण विद्यमान राष्ट्रपतीनं न्यायालयात साक्ष देणं, हाही त्याच काळातला प्रसंग आहे, तोही विसरू नये.

२०१२ ला पुन्हा २००७ सारखंच. रालोआचा कल पी. ए. संगमांकडं आणि शिवसेना प्रणव मुखर्जींच्या मागं. मुखर्जी मातोश्रीवर जाऊन बाळासाहेबांना भेटले. सोनिया गांधींना ते आवडलं नाही, असं मुखर्जींनी पुढं आपल्या आठवणींत लिहिलंय. या वेळी डब्यातल्या सैनिकाला मराठी हे कारण उपलब्ध नव्हतं. त्यानं ''अनुभवी माणूस आहे'' असं सांगितलं आणि पेपर उघडला.

प्रतिभाताईंचा कार्यकाळ त्याच जुलैत संपला. सुखोईतून उड्डाण करणाऱ्या त्या पहिल्या महिला राष्ट्रपती, तेही वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, पुण्याच्या लोहगावहून. फाशीच्या तीसहून जास्त कैद्यांची शिक्षा त्यांनी जन्मठेपेवर आणली. परदेश दौऱ्यांचा खर्च २०५ कोटींवर गेल्याच्या बातम्या आल्या. निवृत्तीनंतरच्या घरासाठी पुण्यात खडकीला घेतलेली लष्कराची जागा टीकेनंतर त्यांनी सोडली. २००७ मध्ये त्यांच्यासाठी भांडलेल्यांपैकी कुणी २०१२ मध्ये या जमाखर्चावर बोलायला आलं नाही, ना कौतुकाला, ना टीकेला. नेत्याचा मान म्हणजे प्रचारात त्याची बाजू घेणं, असा आपला समज आहे, आणि तो मतदानाच्या दिवशीच संपतो.

२०२१-२२ मध्ये हाच समज आमच्या दारात येऊन उभा राहिला. नवी मुंबईच्या विमानतळाला सिडकोनं बाळासाहेब ठाकरे यांचं नाव देण्याचा ठराव केला आणि आगरी-कोळी समाज दि. बा. पाटील यांच्या नावासाठी रस्त्यावर उतरला. २४ जून २०२१ ला बेलापूरच्या सिडको भवनावर प्रचंड मोर्चा आला. दिबा म्हणजे १९८४ च्या जासई आंदोलनात, पाच माणसं गोळीबारात गेली तेव्हा, शेतकऱ्यांच्या पुढं असलेला नेता. त्यांच्या नावासाठीची मागणी रास्त होती. पण मोर्चाच्या आसपासच्या गप्पांत एका नेत्याला मोठं करायला दुसऱ्याला लहान करण्याची चढाओढ लागली, आणि ती दोन्हीकडून लागली. उद्धव ठाकरे सरकारनं दिबांच्या नावाचा निर्णय घेतला तो २९ जून २०२२ ला, ज्या रात्री ते सरकार गेलं. शिंदे सरकारनं तोच निर्णय पुन्हा घेतला. तीन आठवड्यांत, १८ जुलैला, द्रौपदी मुर्मू आणि यशवंत सिन्हा यांच्यात राष्ट्रपतिपदाचं मतदान झालं आणि फुटलेल्या सेनेच्या दोन्ही तुकड्या मुर्मूंच्या मागं होत्या. ज्यांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं त्यांचं एवढ्या एका मतावर जमलं.

आता थोडं मताच्या वजनाबद्दल. महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५ आहे, आणि ते निघतं १९७१ च्या जनगणनेवरून. सिडको मार्च १९७० ची, खाडीवरचा पूल अजून व्हायचा होता, वाशी-नेरूळ म्हणजे भातखाचरं आणि मिठागरं. म्हणजे आपल्या शहरातली बहुतेक माणसं राष्ट्रपती निवडणुकीच्या हिशोबात आजवर मोजलीच गेलेली नाहीत.

ऐरोली आणि बेलापूर या दोन मतदारसंघांचे आमदार आपल्या वतीनं मिळून ३५० मूल्याचं मत टाकतात. या निवडणुकीत पक्षाचा व्हिप लागत नाही, मत गुप्त असतं. म्हणजे इथं आपल्या आमदाराला कायद्यानं कुणी बांधलेलं नसतं. विद्यमान राष्ट्रपतींची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते. उमेदवारांची नावं आली की जात, जिल्हा, पदर यांवर बोलण्याआधी आपल्या आमदाराच्या कचेरीत जाऊन विचारा : हा माणूस परत पाठवायचं विधेयक परत पाठवेल का, आणि तुम्हाला असं कशावरून वाटतं? उत्तर काय मिळतं ते लिहून ठेवा, आणि २०३२ मध्ये काढून बघा.