तीस फेब्रुवारी उजाडली ते वर्ष

स्वीडनच्या १७१२ सालच्या छापील दिनदर्शिकेत फेब्रुवारीचं पान बघत खाली यावं, तर २८ दिसते, २९ दिसते आणि तिच्याखाली चक्क ३०! ही छपाईतली चूक नव्हे. तो शुक्रवार स्वीडनमध्ये, आणि तेव्हा त्याच राज्यात असलेल्या फिनलंडमध्ये, खरोखर उजाडला.

हे आलं कुठून? जुनं ज्युलियन वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा ११ मिनिटांनी लांब. मिनिटं साठत गेली की साधारण १२८ वर्षांत एक दिवस सरकतो. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली दुरुस्ती केली. पण पोपचं ऐकायचं कसं, म्हणून प्रोटेस्टंट राज्यं शतकभर अडून बसली. डेन्मार्क-नॉर्वेनं १७०० साली एकदाचं मनावर घेतलं. तिथले लोक १८ फेब्रुवारीला झोपले आणि १ मार्चला उठले.

स्वीडनला एवढा झटका नको होता. १७०० ते १७४० एकही लीप दिवस घ्यायचा नाही, म्हणजे ११ दिवस आपोआप जिरतील, असं ठरलं. ऐकायला किती समंजस! मेख एवढीच, की ती चाळीस वर्षं स्वीडनची तारीख कुणाशीच जुळणार नव्हती. १७०० चा दिवस गाळला, त्याच वर्षी रशिया आणि डेन्मार्कशी महायुद्ध पेटलं आणि १७०४ व १७०८ चे लीप दिवस गाळायचे राहूनच गेले. पोल्टाव्हाची निर्णायक लढाई १७०९ ची. रशियाच्या लेखी ती २७ जूनला झाली, स्वीडनच्या लेखी २८ ला आणि ग्रेगरियन हिशेबानं ८ जुलैला. पराभव एक, तारखा तीन.

हरलेला राजा, बारावा चार्ल्स, ओटोमन मुलखात बेंडेरला आश्रयाला होता. १७११ मध्ये त्यानं फर्मावलं, की हा घोळ पुरे, जुन्या ज्युलियनकडे परत चला. पुढे नाही, मागे! त्यासाठी १७०० साली गाळलेला दिवस परत करणं भाग होतं. १७१२ मुळातच लीप वर्ष असल्यानं २९ तारीख आधीच होती, म्हणून ३० आली आणि वर्ष ३६७ दिवसांचं झालं. आपल्याकडचा अधिक महिना चंद्र-सूर्याचा मेळ घालायला येतो. या दिवसाचा आकाशाशी काडीचा संबंध नव्हता, ती निव्वळ कागदाची डागडुजी.

शेवटी १७५३ साली स्वीडननं डेन्मार्कचाच मार्ग धरला. १७ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च, एका रात्रीत.