दिवा लागतो, पण डिस्क दिसत नाही

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या एका वाचकाने विचारलं आहे : ‘एक्स्टर्नल हार्ड डिस्क लॅपटॉपला जोडली की दिवा लागतो, टिकटिक ऐकू येते, पण स्क्रीनवर डिस्क काही दिसत नाही. आत मुलीच्या लग्नाचे फोटो आहेत. डिस्क गेली का?’

गेली असं म्हणण्याआधी केबल तपासा. दिवा लागला म्हणजे वीज पुरेशी पोचली, ही समजूत चुकीची आहे.

पेठेतल्या जुन्या वाड्यात राहिलेल्यांना हे चटकन पटेल. तळमजल्यावर नळाला धो धो पाणी आणि वरच्या मजल्यावर करंगळीएवढी धार! पाणी असतं, दाब नसतो. यूएसबी पोर्टमधून ५ व्होल्ट निघतात. केबल लांब असेल, आतली तार बारीक असेल आणि जाता-येता मिळून तिचा रोध अर्धा ओहम भरला, तर १ अँपिअर प्रवाहाला वाटेतच अर्धा व्होल्ट खर्ची पडतो. डिस्कच्या वाट्याला साडेचारच उरतात. दिव्याला काही मिलिअँपिअर पुरतात, म्हणून तो लागतो. थांबलेली तबकडी मिनिटाला ५४०० फेऱ्यांपर्यंत न्यायला मात्र सुरुवातीचे काही क्षण मोटरला १ अँपिअरच्या आसपास प्रवाह हवा असतो. नियमाप्रमाणे यूएसबी २.० पोर्टने ५०० मिलिअँपिअर द्यायचे, ३.० ने ९००. भुकेली मोटर उठते, बसते, पुन्हा उठते. टिकटिक त्याचीही असू शकते.

यूएसबी घडवणाऱ्या इंटेलमधल्या चमूचे प्रमुख होते अजय भट्ट. ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. १९९६ साली यूएसबीची पहिली आवृत्ती आली. त्या नेहमीच्या चपट्या पिनेत नीट पाहा : चार पट्ट्यांपैकी कडेच्या दोन किंचित लांब आहेत. त्या विजेच्या. पिन आत सरकवताना आधी वीज जोडली जावी आणि मग माहितीच्या तारा, यासाठी केलेली ही योजना. चालू यंत्राला निर्धास्तपणे काहीही जोडता येतं, त्यात या जरा लांब पट्ट्यांचा वाटा आहे. किती साधी आणि किती सुंदर युक्ती!

आता उपाय. हब काढून टाका, डिस्क थेट लॅपटॉपला लावा. पोर्ट बदला. डिस्कच्या बाजूची दोन कप्प्यांची रुंद पिन हलत असेल, तर केबल बदला. डिस्क आणि लॅपटॉप दोन्ही घेऊन पेठेतल्याच, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत जा, आखूड आणि जाड केबल मागा, दुकानातच लावून बघा आणि मगच पैसे द्या.

मोटर संथ घरघरते आहे, तरी डिस्क दिसत नाही? विंडोजमध्ये ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. तिथे ती दिसली आणि तिला ड्राइव्हचं अक्षर मिळालेलं नसेल, तर ते द्या. ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विचारलं, तर उत्तर ‘नाही’. पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली, तरी पानं शाबूत असतात. मॅकच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्कही विंडोजला वाचता येत नाही आणि तेव्हाही हाच प्रश्न येतो.

नवी केबल, दुसरा लॅपटॉप, तरीही ठरावीक लयीत टिकटिक? मग डिस्क लगेच काढा. वाचणारं हेड तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगतं. आपला केस हजारो पट जाड असतो. बिघडलेल्या हेडसमोर तबकडी फिरवत ठेवणं म्हणजे फोटो स्वतःच्या हाताने खरवडणं. अशा वेळी फुकटची रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवू नका. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला तर मुळीच ऐकू नका. बाहेर काढताच आत दव धरतं. डिस्क घरी उघडूही नका. धूळरहित खोली असलेल्या जाणकारांकडेच ती द्या.

आणि फोटो हाती आले, तर त्याच दिवशी दुसरी प्रत काढा. ती त्याच कपाटात नको, लेकीच्या घरी ठेवा.