कोळी, कातीण आणि भिंग

दापोडी हे गाव पुण्याच्या वायव्येस, मुळा व पवना ह्या नद्यांच्या संगमालगत वसलेले आहे. बोपोडीच्या बाजूने हॅरिस पूल ओलांडला की पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यास आरंभ होतो. लोहमार्ग, मुंबई-पुणे रस्ता, राज्य परिवहनाची कार्यशाळा आणि लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विस्तीर्ण आवार ह्यांच्या गर्दीतून नदीकाठी जी थोडी मोकळी जागा उरते, तीत एरंड, रुई, घाणेरी व बाभूळ अशी, कोणी न लावता वाढणारी झाडेझुडपे असतात. वन्य प्राण्यांच्या शोधार्थ निघालेला मनुष्य अशा ठिकाणी थांबण्याचा संभव थोडा. परंतु ज्याचे लक्ष्य पाच-सहा मिलिमीटर लांबीचे आहे त्याला एरंडाच्या एका पानाची खालची बाजूदेखील सकाळभर पुरते. कोळी, मुंग्या, नाकतोडे, भुंगे अशा लहान जीवांची मोठी प्रतिमा टिपण्याचा जो छंद ‘मॅक्रो फोटोग्राफी’ ह्या नावाने परिचित आहे त्याला अभयारण्य लागत नाही. कारखान्यातील पाळी संपवून घरी परतणाऱ्या कामगारालाही, निदान वेळेच्या दृष्टीने, तो परवडण्याजोगा आहे. पैशाच्या दृष्टीने परवडेलच असे नाही. ह्या छंदाचे तंत्र कोणते आणि त्याच्यामुळे मराठीच्या शब्दसंपत्तीपुढे कोणता प्रश्न उभा राहतो, एवढ्याचाच विचार येथे कर्तव्य आहे.

प्रथम नावाविषयी. ‘मॅक्रो’ हा ग्रीक मूळाचा शब्द असून त्याचा अर्थ ‘मोठा’ असा आहे. अतिसूक्ष्म वस्तूंच्या चित्रणाला ‘मोठे’ म्हणावे हे वरकरणी विपरीत वाटते. परंतु येथे विशेषण वस्तूचे नसून प्रतिमेचे आहे. काटेकोर अर्थाने, भिंगाने कॅमेऱ्याच्या संवेदकावर पाडलेली प्रतिमा मूळ वस्तूएवढी किंवा तीहून मोठी असेल तरच त्या चित्रणास ही संज्ञा लागू पडते. निकॉन ही जपानी कंपनी ह्याच प्रकारच्या भिंगांना ‘मायक्रो’ म्हणते. एकाने प्रतिमेकडे पाहून नाव दिले, दुसऱ्याने वस्तूकडे पाहून. त्यामुळे दोन विरुद्धार्थी शब्द बाजारात एकाच वस्तूचे वाचक होऊन बसले आहेत. अर्थविचाराच्या अभ्यासकांस असे उदाहरण सहजासहजी सापडावयाचे नाही.

प्रतिमा व वस्तू ह्यांचे प्रमाण 1:1 असताना 36 मिलिमीटर रुंदीच्या संवेदकावर 36 मिलिमीटर रुंदीचेच दृश्य मावते. सहा मिलिमीटर लांबीचा कोळी त्यात रुंदीचा केवळ सहावा भाग व्यापतो. हे प्रमाण साधण्यास खास भिंग मिळते. पण ते नसेल तर नेहमीचे भिंग व कॅमेरा ह्यांच्यामध्ये पोकळ नळ्या बसवूनही काम भागते. 50 मिलिमीटर नाभ्यंतराच्या भिंगामागे 50 मिलिमीटर लांबीची नळी बसविली की वस्तू व प्रतिमा समान होतात. काही जण जुने भिंग उलटे बसवून थोड्या खर्चात तोच परिणाम मिळवितात.

खरी अडचण मोठेपणाची नसून खोलीची आहे. 1:1 ह्या प्रमाणात छिद्रांक 8 ठेवला असता दृश्याचा सुमारे एक मिलिमीटर जाडीचा थर तेवढा स्पष्ट उमटतो. त्याच्या पुढचे व मागचे सर्व धूसर होते. प्रमाण 2:1 केले तर हा थर अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ होतो. छिद्र लहान केल्याने थर वाढतो हे खरे, परंतु इतक्या जवळून छिद्रांक 8 हा परिणामी 16 होऊन बसतो, आणि त्यापुढे छिद्र आणखी लहान करीत गेल्यास प्रकाशाच्या विवर्तनामुळे सर्वच चित्र मवाळ पडू लागते. म्हणून छायाचित्रकारास निवड करणे भाग पडते. बहुधा डोळे स्पष्ट ठेवून पोट व मागचे पाय सोडून दिले जातात. थोड्याथोड्या अंतरावर नाभी सरकवीत अनेक चित्रे घेऊन ती संगणकावर एकत्र करण्याची रीतही रूढ झाली आहे. मात्र तिला प्राण्याची निश्चलता लागते, आणि जिवंत कोळी ती क्वचितच पुरवितो. त्याला शीतकपाटात ठेवून गारठविण्याचा जो प्रकार काही जण करतात तो निंद्य तर आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे. गारठलेल्या प्राण्याची ठेवण जाणत्यास तत्काळ ओळखू येते. त्यापेक्षा भल्या पहाटे, अंगावर दव असताना आणि हालचाल मंद असताना त्याला गाठणे चांगले. फ्लॅशपुढे दुधी कागद धरला की कोळ्याच्या चकचकीत पाठीवरील पांढरे डाग नाहीसे होतात. ही एवढीशी युक्ती महागड्या भिंगापेक्षा अधिक उपयोगी पडते.

आता भाषेकडे वळू. मराठीत ह्या प्राण्यास ‘कोळी’ म्हणतात. व्युत्पत्तिकोशकार ह्या शब्दाचा संबंध संस्कृत ‘कौलिक’, म्हणजे विणकर, ह्याच्याशी जोडतात. प्राकृतातील ‘कोलिअ’ हा शब्द विणकर आणि जाळे करणारा कीटक अशा दोन्ही अर्थांनी नोंदला गेला आहे. मासे धरणाऱ्या समाजाचे नाव ह्याच उच्चाराचे असल्याने आणि जाळे दोघांकडेही असल्याने सामान्य वक्त्याच्या मनात दोन्ही शब्दांची सांगड पडते. पण प्राणिवाचक ‘कोळी’ शब्दामागे मासे नाहीत, माग आहे. ‘कातीण’ हा दुसरा शब्द सूत कातण्यावरून आला. संस्कृतातील ‘ऊर्णनाभ’ व ‘तन्तुवाय’ हेही धाग्याचेच शब्द. ह्या सर्व नावांनी प्राण्याचे कर्म टिपले आहे, रूप नव्हे. नुसत्या डोळ्यांना जाळे दिसते, ते करणारा मात्र एक काळसर ठिपका असतो. तेव्हा नाव जाळ्यावरून पडावे हे स्वाभाविकच होते.

मराठीची ही सवय कोळ्यापुरती नाही. चिखलाची घरे करणारी गांधीलमाशीची बहीण ‘कुंभारीण’ होते, लाकूड पोखरणारा भुंगा ‘सुतार’, तर सहस्रपाद किडा ‘वाणी’. लहान जीवांना गावातील व्यवसाय वाटून देण्याची ही एक पद्धतच दिसते. ‘टाचणी’सारखे रूपावरून पडलेले नाव ह्या समुदायात नाही असे नाही, पण व्यवसायवाचक नावांचा ठसा अधिक आहे.

भिंगाने नेमकी ह्याच ठिकाणी उलथापालथ केली. प्रतिमेत जाळे चौकटीबाहेर राहते आणि प्राणी समोर येतो. शिवाय ध्यानात येते की ज्याला पिढ्यान्‌पिढ्या विणकर म्हटले त्याच्या गोतावळ्यातील कितीतरी जण भक्ष्यासाठी जाळे विणतच नाहीत. घराच्या भिंतीवर माशीवर झेप घेणारा छोटा कोळी धागा काढतो, पण उडी मारताना आधार म्हणून आणि निवाऱ्यासाठी. शिकार तो डोळ्यांच्या बळावर करतो. त्याच्या आठ डोळ्यांपैकी पुढचे मधले दोन फार मोठे व आत नळीसारखे लांब असतात. ते बाहेरून स्थिर असले तरी आतला नेत्रपटल हलतो. म्हणून लागोपाठ घेतलेल्या दोन छायाचित्रांत एकाच डोळ्याचा रंग पालटलेला दिसतो. फुलात दबा धरून बसणारा, खेकड्यासारखा तिरपा चालणारा कोळी. अंड्यांची पिशवी बुडाशी बांधून हिंडणारी आणि पुढे पिलांना पाठीवर वाहणारी जमिनीवरची मादी. झाडाच्या सालीला सपाट चिकटलेला, मागे दोन शेपट्यांसारखे तंतुस्रावक बाळगणारा कोळी : ह्यांतील एकालाही ‘विणकर’ हे नाव नीट लागत नाही. उलट बाभळीच्या काट्यांवर मळकट जाळ्यांचे गोळे करून शेकड्यांनी एकत्र राहणारे कोळीही दख्खनच्या पठारावर आहेत, आणि त्यांना ‘कोळी’ हे एकवचन अपुरे पडते.

ह्या वेगळेपणासाठी छंदी मंडळी इंग्रजी नावांचा आधार घेतात वा त्यांचे शब्दशः भाषांतर करतात. ‘खेकडा कोळी’ चालण्यासारखे आहे, कारण तिरपी चाल मराठी माणसाच्या नित्य परिचयाची आहे. जाळ्यात नागमोडी पांढरी रेघ ओढणाऱ्याला ‘स्वाक्षरी कोळी’ म्हणणेही समर्पक आहे. परंतु ‘लांडगा कोळी’ हे नाव मराठी वाचकास फसविते. लांडगा म्हटला की कळप आठवतो आणि हा प्राणी तर एकटा हिंडतो. ‘लिंक्स कोळी’ तर कसलेच चित्र उभे करीत नाही, कारण ते मार्जारकुळातील जनावर येथील रानात नाही. फुलपाखरांच्या बाबतीत ह्याहून बरी वाट सापडली. 2015 साली महाराष्ट्राने राज्य-फुलपाखरू म्हणून निवडलेले ब्ल्यू मॉरमॉन मराठीत ‘नीलवंत’ झाले. मूळ इंग्रजी नावातील पंथाशी त्याचा काही संबंध उरला नाही, हे इष्टच झाले. मात्र ‘नीलवंत’ हे रूपाचे नाव आहे. कोळ्यांची नावे मराठीच्या वळणाने पडावयाची असतील तर ती कर्मावरून पडावी लागतील, आणि कर्म एका स्थिर चित्रात दिसत नाही. ज्याने चित्र घेऊन लगेच पाठ फिरविली त्याच्यापाशी नुसते रूप राहते. अर्धा तास तेथेच बसून राहिलेल्याला कदाचित नावही मिळेल.

शास्त्रीय नावाची गोष्ट निराळी, आणि तेथे अपेक्षाभंग अधिक. कोळ्याचे कुळ छायाचित्रावरून बहुधा सांगता येते, वंश पुष्कळदा. जाती मात्र थोड्याच वेळा. अनेक जातींची निश्चिती पूर्ण वाढ झालेल्या नराच्या मुखाजवळील स्पर्शपादांची टोके व मादीचे जननद्वार सूक्ष्मदर्शकाखाली तपासूनच होते. भारतीय कोळ्यांवर बी. के. टिकादर ह्यांनी 1980 व 1982 मध्ये जे खंड प्रसिद्ध केले त्यांतही ह्या अवयवांच्या रेखाकृतींना महत्त्व आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र दापोडीपासून दूर नाही, ते आकुर्डीस आहे. तेथील संग्रहाचे प्रयोजन हेच, की छायाचित्र जेथे थांबते तेथून पुढे नमुना बोलतो. तथापि ह्या बाबतीत प्राणिशास्त्रज्ञांत एकमत नाही. 2015 साली दक्षिण आफ्रिकेतील एका माशीचे नवी जाती म्हणून वर्णन नमुन्याविना, केवळ छायाचित्रांच्या आधारे करण्यात आले, आणि त्यावरून मोठा वाद झाला.

नाव देण्याच्या इतिहासात कोळ्यांना एक विशेष मान आहे. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा आरंभ 1758 पासून मानतात, परंतु कार्ल क्लर्क ह्याच्या स्वीडनमधील कोळ्यांवरील 1757 च्या ग्रंथातील नावे अपवाद म्हणून ग्राह्य धरली गेली. 2022 मध्ये नोंदलेल्या जातींची संख्या 50,000 झाली. त्याआधी एकच वर्ष, 2021 मध्ये, ठाणे-कल्याण परिसरातील एका उडी मारणाऱ्या कोळ्यास ‘आयसियस तुकारामी’ हे नाव मिळाले. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात गोळ्या झेलून अतिरेक्यास धरून ठेवणारे पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे ह्यांचे ते स्मारक होय. मराठी वाचकास ‘तुकारामी’ हे विशेषण वाटते; वस्तुतः ती लॅटिन षष्ठी आहे, ‘तुकारामाचा’.

छायाचित्रापूर्वी हे काम चित्रकार करीत, आणि त्याचा एक नमुना दापोडीचाच आहे. 1828 मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम ह्याच्या कारकीर्दीत येथे सरकारी वनस्पतिउद्यान सुरू झाले. पुढे अलेक्झांडर गिब्सन त्याचा अधीक्षक असताना, 1847 ते 1850 ह्या काळात, एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराने सुमारे 170 वनस्पतिचित्रे काढली. ती आज एडिंबरोच्या राजकीय वनस्पतिउद्यानात ‘दापुरी चित्रे’ म्हणून जतन केलेली आहेत. चित्रांतील वनस्पती ओळखता आल्या. चित्रकाराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

छंदी छायाचित्रकाराच्या वहीत म्हणून दिनांक, स्थळ, झाडाचे नाव, प्राण्याची अंदाजे लांबी, तो काय करीत होता ह्याचे दोन शब्द आणि शेवटी चित्र घेणाऱ्याचे नाव असावे. जातीच्या रकान्यात ‘अनिश्चित’ लिहिण्यास संकोच नको. पुढे कोणी जाणकार तो रकाना भरील. इतर रकाने मात्र त्याच सकाळी, त्याच पानापाशी भरावे लागतात.