लहान झालेले जठर आणि वऱ्हाडी ताट

विदर्भातील नेते नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत वजन घटवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा तिची वर्तमानपत्रांतून बरीच चर्चा झाली. मात्र उतरलेले वजन टिकवायचे कसे, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आजही पुरेसा बोलला जात नाही. ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’ या प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात व केळ्याच्या आकाराची अरुंद नळी उरते, तर ‘गॅस्ट्रिक बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. दोन्हींमुळे थोडक्या अन्नात पोट भरते. परंतु स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या प्रदीर्घ अभ्यासात असे दिसले, की पहिल्या एक-दोन वर्षांत सर्वाधिक घटलेले वजन पुढे काही अंशी परत वाढते आणि आठ-दहा वर्षांनी स्थिरावते. हे वाढणे आटोक्यात ठेवण्यात रोजच्या जेवणाचा वाटा मोठा असतो.

बुलढाणा जिल्ह्यातील रोजचे जेवण ज्वारीच्या भाकरीभोवती फिरते आणि वरण किंवा झुणका हे तिचे तोंडीलावणे असते. शस्त्रक्रियेनंतर हा क्रम उलटा करावा लागतो. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत म्हणून आधी वाटीभर घट्ट वरण, मटकीची उसळ, दही किंवा अंडे, नंतर भाजी आणि शेवटी जागा उरलीच तर चतकोर भाकरी, असे ताट वाढले पाहिजे. घास लहान असावा, तो सावकाश चावावा आणि पोट भरल्याची पहिली जाणीव होताच हात थांबवावा. जेवताना व नंतर अर्धा तास पाणी टाळून ते दिवसभर घोट-घोट प्यावे. मलकापूर-शेगावसारख्या घाटाखालच्या भागात उन्हाळ्यात याकडे दुर्लक्ष झाल्यास शरीरातील पाणी चटकन कमी होते.

शेगावची कचोरी किंवा साखरेचा चहा यांचे प्रमाण थोडे वाटले, तरी मऊ, तळलेले व गोड पदार्थ लहान जठरातून सहज सरकतात, तृप्ती देत नाहीत आणि उष्मांक मात्र भरपूर देतात. बायपासनंतर गोड अन्न वेगाने आतड्यात उतरल्याने घाम, धडधड, चक्कर आणि जुलाब असा त्रास होऊ शकतो. त्याला ‘डंपिंग’ म्हणतात. एकादशी-चतुर्थीच्या उपवासातही साबुदाण्याच्या खिचडीत पिष्टच अधिक असल्याने, डॉक्टरांच्या सल्ल्याने दही, दूध, पनीर यांना पहिले स्थान द्यावे.

बी-१२ जीवनसत्त्व प्राणिजन्य अन्नातूनच मिळते आणि शस्त्रक्रियेनंतर त्याचे शोषणही मंदावते. म्हणून माळकरी, शाकाहारी कुटुंबांतील रुग्णांनी त्याच्या गोळ्या किंवा इंजेक्शने, तसेच लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व कधीही मनाने बंद करू नयेत आणि दरवर्षी रक्त तपासून घ्यावे. शस्त्रक्रिया मोठ्या शहरात झाली असली, तरी पाठपुरावा तुटता कामा नये.

या सर्व नियमांची खरी कसोटी मात्र पंगतीत लागते. वऱ्हाडी पाहुणचारात आग्रहाला मायेचा अर्थ आहे. तरीही चतकोर भाकरीवर थांबलेल्या माणसाला ‘अजून थोडं घ्या ना’ न म्हणता, त्याच्या वाटीत घट्ट वरण आधी वाढणे हीच घरच्यांची त्याच्यावरची खरी माया होय.