कम्प्लेंट कुठे, ग्रीव्हन्स कुठे, हरकत कुठे

विरार-नालासोपाऱ्याच्या सोसायट्यांमध्ये टँकरचा खर्च हाताबाहेर गेला की बैठकीत ठरतं, महापालिकेला पत्र द्यायचं आणि तेही 'चांगल्या इंग्रजीत'. मग ज्यांची मुलगी कॉन्व्हेंटात शिकली त्यांच्या गळ्यात काम पडतं. पत्रात 'एक्स्ट्रीमली डिसअपॉइंटेड' येतं, 'पथेटिक' येतं. नळाला किती दिवस पाणी नाही, एवढं मात्र लिहायचं राहून जातं.

इंग्रजीत लिहिलं तरच साहेब दखल घेतो, हा यातला सगळ्यात जुना गैरसमज. गाऱ्हाणं मांडण्यासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याला निवेदन देताना तिथे वापरात असलेली कोणतीही भाषा चालते, असं राज्यघटनेचं कलम 350 सांगतं. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम 1964 चा आहे, आणि माहिती अधिकाराचा अर्जही मराठीत देता येतो. इंग्रजी आडवी येते ती दुसऱ्याच ठिकाणी. कायद्यात, पोर्टलवर, ॲपवर कम्प्लेंट, ग्रीव्हन्स, ऑब्जेक्शन, अपील असे शब्द दिसतात. आपण त्या सगळ्यांना 'तक्रार' म्हणतो आणि हा रागाचा चढता क्रम आहे असं धरून चालतो. कार्यालयात मात्र यातल्या प्रत्येक शब्दाचं टेबल वेगळं असतं.

वीज गेली, 1912 लावला, नंबर मिळाला, ती झाली कम्प्लेंट. महावितरणने तिचं काहीच केलं नाही तर 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 42 नुसार पुढची पायरी आहे. तिचं इंग्रजी नाव कन्झ्युमर ग्रीव्हन्स रिड्रेसल फोरम, आणि त्याच्याही वर विद्युत लोकपाल. म्हणजे इथला ग्रीव्हन्स हा पहिल्या दारात न सुटलेला प्रश्न असतो. मराठी पाटीवर 'ग्राहक तक्रार निवारण मंच' लिहिलं की हा फरक पुसला जातो. म्हणूनच वसईतला माणूस तीच कम्प्लेंट चारदा नोंदवत बसतो, मंचाकडे जात नाही.

पोलीस ठाण्यात तर शब्दच उलटा पडतो. 'पोलीस कम्प्लेंट केली' असं आपण सहज म्हणतो. पण 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 'कम्प्लेंट' म्हणजे दंडाधिकाऱ्यापुढे केलेला आरोप. त्याआधीच्या कायद्यातही तसंच होतं. पोलिसांना आपण देतो ती 'खबर', आणि एफआयआर म्हणजे पहिली खबर. ती तोंडी दिली तरी चालते. ठाण्यात ती लिहून घ्यायची, वाचून दाखवायची आणि तिची प्रत फुकट द्यायची, असं कायदाच सांगतो. ठाणं वसईचं असो की 2020 मध्ये सुरू झालेल्या मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयातलं आणखी कुठलं, इंग्रजी अर्ज टाइप करून आणण्याची अट कुठेच नाही.

सगळ्यात महाग पडणारी गफलत माहिती अधिकारात होते. माहिती नाकारली की माणूस चिडतो आणि थेट माहिती आयोगाकडे 'कम्प्लेंट' ठोकतो. कलम 18 खाली तशी सोय आहेही. पण मणिपूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केलं की या कलमाखाली आयोग अधिकाऱ्याला दंड करू शकतो, माहिती द्यायला लावू शकत नाही. माहिती हवी असेल तर कलम 19 खाली अपील करावं लागतं. पहिलं 30 दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे, दुसरं 90 दिवसांत आयोगाकडे. रस्त्याच्या कंत्राटाची कागदपत्रं हवी असलेल्या माणसाला साहेबाचा दंड घेऊन काय करायचंय?

हरकत हा शब्द वसईकरांना वेगळा शिकवावा लागत नाही. 3 जुलै 2009 ला चार नगरपालिका आणि 53 गावं एकत्र करून वसई-विरार महापालिका झाली, तेव्हापासून गावं आत की बाहेर हा वाद धुमसतोय. 2011 मध्ये सरकारने 29 गावं वगळायचं ठरवलं आणि प्रकरण न्यायालयात गेलं. त्याआधी सिडकोच्या आराखड्याविरुद्ध हरित वसईची चळवळ झाली होतीच. तरीही मोर्चाला गेलो म्हणजे हरकत नोंदली गेली, असं अनेकांना वाटतं. मोर्चा हा प्रोटेस्ट, त्याचं वजन राजकारणात. ऑब्जेक्शन मात्र मसुदा प्रसिद्ध झाल्यावर, मुदतीत, लेखी द्यायचं असतं. विकास आराखड्यावर ते दिलं की 1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणे नियोजन समितीपुढे बोलायचा हक्क मिळतो. मुदत टळल्यावर दिलेलं जळजळीत पत्र फाइलीत नुसतं पडून राहतं.

जळजळीत शब्दांनी काम लवकर होतं, हाही भ्रमच. इंग्रजी कचेऱ्यांची भाषा सवयीने आवाज खाली ठेवते. 'आय हॅव सम रिझर्वेशन्स' म्हणणारा बहुतेक वेळा साफ नाही म्हणत असतो, आणि 'आय ॲम अफ्रेड' म्हणणारा मुळीच घाबरलेला नसतो. 'काइंडली डू द नीडफुल' ही चुकीची इंग्रजी म्हणून तिची टिंगल होते. खरं तर ती जुन्या ब्रिटिश पत्रव्यवहारातली. तिकडे मागे पडली, आपल्याकडे टिकली. तिच्यावर माझा आक्षेप वेगळा आहे: नक्की काय करायचं, ते ती सांगतच नाही.

विरार लोकल रखडली की फलाटावर ऐकू येणारं 'डीपली रिग्रेटेड' हेही बघा. दिलगिरी आहे, पण कोणाला वाटते ते वाक्यात नाही. ती नुकसानभरपाईची कबुलीही नव्हे.

राहिला प्रश्न 'डिस्पोज्ड'चा. रेल्वेसकट केंद्राच्या खात्यांविरुद्ध गाऱ्हाणं नोंदवायच्या सीपीग्राम्स पोर्टलवर हा शब्द दिसला की लोक समजतात, काम झालं किंवा दार बंद झालं. त्याचा अर्थ एवढाच की अधिकाऱ्याने उत्तर लिहून प्रकरण मिटवलं. उत्तर पटलं नाही तर अभिप्रायात 'पुअर' निवडा, तिथेच अपिलाचा पर्याय उघडतो. फक्त हेच गाऱ्हाणं 'सजेशन' म्हणून टाकू नका, हे पोर्टल सूचना विचारात घेत नाही.