कुर्ल्याची छोटी मोटार

मुलांनो, विक्रोळीच्या लाल बहादूर शास्त्री मार्गावर थोडा वेळ उभे राहा. रिक्षा, ट्रक, बस आणि छोट्या मोटारी यांची रांग संपता संपत नाही. हाच रस्ता घाटकोपरवरून कुर्ल्याला जातो. कुर्ल्याला एके काळी मोटारींचा मोठा कारखाना होता. ‘कारखाना’ हा शब्द उर्दूत आणि मराठीत एकच आहे, हे तुमच्या लक्षात आले असेलच.

सोलापूरला जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ ही कंपनी स्थापन केली. सुरुवातीला कुर्ल्यात अमेरिकन मोटारी जोडल्या जात. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. १९६४ पासून येथे ‘फियाट ११०० डिलाइट’ ही मोटार तयार होऊ लागली. १९७४ च्या सुमारास तिला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. पद्मिनी ही चितोडची राणी. मलिक मुहम्मद जायसी यांनी सोळाव्या शतकात आपल्या ‘पद्मावत’ या अवधी काव्यात तिची कथा सांगितली आहे.

एके काळी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच पद्मिनी असे. रिक्षाला शीवच्या पुढे शहरात जाता येत नाही. तिथे टॅक्सीच उपयोगी पडते. पद्मिनीच्या टपावर सामानासाठी कॅरिअर असे, तर भाड्याचा मीटर बाहेर, पुढच्या डाव्या बाजूला बसवलेला असे. गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ होता. त्यामुळे चालकाच्या पायाजवळची जागा मोकळी राही. तिची यंत्ररचना साधी होती. रस्त्याकडेचा मेकॅनिकही ती दुरुस्त करू शके. टॅक्सीवर ज्याचे पोट अवलंबून आहे, त्याच्यासाठी ही मोठी गोष्ट होती. गाडी एक दिवस बंद राहिली, तर त्या दिवसाची कमाई बुडते.

त्याच काळात इंग्लंडमध्येही एक छोटी मोटार लोकप्रिय झाली होती. तिचे नाव ‘मिनी’. १९५६ साली सुएझ कालव्याचा प्रश्न पेटला आणि इंग्लंडमध्ये पेट्रोलची टंचाई झाली. कमी पेट्रोल पिणारी मोटार हवी होती. ते काम अ‍ॅलेक इसिगोनिस यांच्याकडे आले. त्यांचा जन्म १९०६ साली तुर्कस्तानातील इझमीर शहरात झाला. युद्धामुळे त्यांच्या कुटुंबाला घरदार सोडावे लागले. इंग्लंडला शिकताना ते गणितात तीनदा नापास झाले. पण हाताने सुरेख आराखडे काढण्यात ते तरबेज होते.

त्यांनी काय केले, ते पाहा. पद्मिनीत इंजिन पुढे उभे, म्हणजे मोटारीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले असे. त्याची शक्ती एका लांब दांड्यातून मागच्या चाकांना मिळे. म्हणून मागच्या सीटसमोर जमिनीवर मध्यभागी उंचवटा येई. मध्ये बसणाऱ्याला पाय कुठे ठेवावेत असा प्रश्न पडे! इसिगोनिस यांनी इंजिन आडवे बसवले आणि शक्ती पुढच्याच चाकांना दिली. लांब दांडा गेला, जागा वाचली. चाके फक्त १० इंची ठेवून ती चार कोपऱ्यांत नेली. त्यामुळे अवघ्या ३ मीटर लांबीच्या मोटारीत चार माणसे बसू लागली. १९५९ साली मिनी बाजारात आली. २००० साली तिचे उत्पादन थांबेपर्यंत ५३ लाखांहून अधिक मिनी तयार झाल्या.

आपल्याकडे १९८३ साली मारुती ८०० आली. तिचे इंजिनही आडवेच होते. आज रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या मोटारींत अशीच रचना आढळते.

नव्या मोटारी आल्या आणि पद्मिनी मागे पडली. २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईत टॅक्सी २० वर्षांहून जुनी असू नये, असा नियम आहे. कारण जुन्या गाड्यांमुळे हवा अधिक दूषित होते. पद्मिनीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती. तिची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निघून गेली. कुर्ल्याचा तो कारखानाही आता तिथे नाही.

तुमच्या घरी किंवा शेजारी कोणी टॅक्सी चालवली असेल, कोणी कुर्ल्याच्या कारखान्यात काम केले असेल, तर त्यांना पद्मिनीविषयी अवश्य विचारा. त्यांनी सांगितलेले चार-पाच ओळींत मराठीत लिहून ठेवा. पुस्तकात नसलेली माहिती तुम्हाला त्यांच्याकडूनच मिळेल.